गाजलेले अल्बम, नव्या आवृत्त्या: तानपुरा लावून केलेली तपासणी

जुनी रेकॉर्ड नव्या वेष्टणात आली की जाहिरात वजनाबद्दल बोलते. १८० ग्रॅमची तबकडी, जाड जाकीट, आत रंगीत पुस्तिका. सुराबद्दल कोणी काही सांगत नाही. सोलापूरचा श्रोता मात्र सुरापासून सुरुवात करतो. एका अंगाला तानपुऱ्यांचं मिरज, दुसऱ्या अंगाला गवयांचं धारवाड-गदग, आणि अभंगांचं पंढरपूर तर जिल्ह्यातच. म्हणून इथल्या कानांसाठी सगळ्या आवृत्त्या एकाच कसोटीवर लावल्या आहेत: फोनवर तानपुरा सुरू करायचा, अल्बमचा सा धरायचा आणि मग ऐकायचं. त्यानंतर टेप कुठली, आवाज किती दाबला (म्हणजे हळू-मोठ्यातला फरक किती पुसला), हे प्रश्न.

पहिला मान माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चा. जॅझमधला बहुधा सर्वांत जास्त शिफारस होणारा अल्बम हाच, आणि फसवणारी आवृत्तीही यातच सापडते. पहिली बाजू २ मार्च १९५९ रोजी मुद्रित झाली, दुसरी २२ एप्रिलला. मार्चच्या दिवशी मुख्य तीन-ट्रॅक यंत्र किंचित हळू चालत होतं. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतो. त्यामुळे ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’ या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तीसहून जास्त वर्षं चढ्याच विकल्या गेल्या. शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रावरची राखीव टेप बरोबर वेगाची होती. तिच्यावरून १९९२ मध्ये पहिल्यांदा दुरुस्त आवृत्ती निघाली आणि १९९७ च्या सीडीपासून ती सर्रास मिळू लागली.

तपासणी सोपी आहे. ‘सो व्हॉट’चा पाया डी, म्हणजे आपली पांढरी दोन. सूर काफी थाटाचे: गंधार-निषाद कोमल, धैवत शुद्ध. सोळा मात्रा नव्हे, सोळा बार (चार मात्रांचा एक) याच सा वर जातात, पुढचे आठ बार सा अर्धा सूर वर, काळी दोनवर सरकतो, आणि शेवटचे आठ पुन्हा पांढरी दोनवर. तानपुरा पांढरी दोनला ठेवा आणि पॉल चेंबर्सचा बास ऐका. दुरुस्त आवृत्ती तानपुऱ्यात बसते. जुनी अर्ध्या सुराइतकी नसली तरी एवढी चढी आहे की तानपुऱ्याशी तिची किरकीर थांबत नाही. ॲपमध्ये सेंटची (अर्ध्या सुराच्या शंभराव्या भागाची) पट्टी वर सरकवली की ती जुळते, आणि चूक किती होती तेही दिसतं. जुन्या आवृत्तीवर जीव जडलेले रसिक म्हणतात की तीच जास्त चमकदार लागते. खरं आहे, चढा सूर चमकतोच. पण ‘ब्लू इन ग्रीन’मध्ये बिल इव्हान्सच्या पियानोला जो संथपणा हवा, तो बरोबर वेगातच मिळतो. दुरुस्त आवृत्तीच घ्या. जुनी स्वस्तात मिळाली तर दुसऱ्या बाजूसाठी ठेवायला हरकत नाही, ती बाजू पहिल्यापासून बरोबर आहे.

मुंबईचे वादक चरणजित सिंग यांच्या ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ची गोष्ट वेगळी. १९८२ चा हा एचएमव्हीचा अल्बम तेव्हा फारसा खपला नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाला आणि जगभर त्याला ‘ॲसिड हाऊसचा आद्य अल्बम’ म्हणून डोक्यावर घेतलं. ॲसिड हाऊस हा शिकागोतला इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा प्रकार १९८७ च्या आसपासचा, त्यामुळे तारखेचा दाखला बरोबर आहे. निष्कर्ष मात्र घाईचा आहे. दोन्हीकडे रोलँडचं टीबी-३०३ हेच बासचं यंत्र आहे, आणि सारखेपणा त्या यंत्राचा आहे. त्यात १६ खणांची आवर्तनं भरावी लागतात आणि एका सुरावरून दुसऱ्यावर सरकायला ठरावीकच वेळ मिळतो. मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) लांबवता येत नाही, आंदोलन (सुराचा संथ झोका) देता येत नाही. शिवाय सूर समान अंतराचे, पेटीसारखे.

म्हणून दहाही राग सारखे उतरलेले नाहीत. कलावती, बैरागी, मालकंस उत्तम जमलेत, कारण पाच सुरांच्या रागांची आकृती यंत्राला सोसते. तोडीत मात्र गंधार अतिकोमल नाही, पेटीच्या पट्टीवर बसलेला आहे, आणि तोडीचा जीव त्या गंधारातच. तो गेल्यावर उरते ती नुसती स्वरावली. ललितमधल्या दोन मध्यमांचीही तीच गत. तरीही हा अल्बम संग्रहात हवा, आणि कारण साधं आहे: वरच्या सुरावटी हाताने वाजवल्या आहेत. ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवर फिरणारी बोटं रागाची चलन जाणणाऱ्याची आहेत, खाली यंत्र कितीही ठोकत असलं तरी. सलग दहा राग ऐकू नका. लय कुठेच वाढत नाही, तिहाई नाही, चौथ्या रागानंतर कान थकतो. दोन-दोन राग घ्या.

‘कॉल ऑफ द व्हॅली’ या, मेंढपाळाचा एक दिवस रागांतून मांडणाऱ्या अल्बमला (१९६७) हलकंफुलकं म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी ब्रिजभूषण काब्रांची गिटार पुन्हा ऐकावी. लोकांना बासरी आणि संतूर आठवतात, पण अहिर भैरवपासून पहाडीपर्यंतचा तो मेंढपाळाचा दिवस बांधून ठेवते ती गिटारच. संतूरला मींड नाही, ती पोकळी गिटार भरते. माणिकराव पोपटकरांचा तबला कुठेही पुढे येत नाही, आणि हेच त्याचं मोठेपण. या अल्बमची साधी सीडीसुद्धा पुरेशी आहे. महागड्या तबकडीवर खर्च करायचाच तर तो पुढच्या रेकॉर्डसाठी राखा.

ती पुढची म्हणजे उस्ताद अमीर खाँची मारवा-दरबारी. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळतात, त्यात अतिविलंबित झुमरा (चौदा मात्रांचा ताल) बसवायचा म्हणजे काय कात्री लागली असेल, आणि तरी कुठे घाई जाणवत नाही. या रेकॉर्डच्या नव्या डिजिटल आवृत्त्यांत एकच गोष्ट तपासायची: खरखर काढताना तानपुरा गेला का? मारव्यात पंचम वर्ज्य, षड्जही झाकलेला. गायक सा टाळत राहतो तेव्हा तो सा आपल्याला तानपुरा देत असतो. खरखर काढणारं सॉफ्टवेअर सतत चालणारा बारीक आवाज म्हणजे कचराच समजतं, आणि तानपुऱ्याच्या जवारीची झणझण नेमकी तशीच असते. ती कापली की दोन स्वरांच्या मधली शांतता मेल्यासारखी होते, आणि प्रत्येक सुराच्या शेपटीला पाण्याखालच्यासारखा बुडबुडता आवाज येतो. खाँसाहेबांचा स्वर विरतो तिथे कान लावा, दोन मिनिटांत निकाल लागतो. थोडी खरखर असलेली प्रत हजार पटींनी बरी.

मूळ एलपी मिळाली तर लेबलवरचा क्रमांक बघा. ‘ईएएलपी’ने सुरू झाला तर मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज), ‘ईएएसडी’ असेल तर स्टिरिओ. मोनो रेकॉर्ड वाजवताना ॲम्प्लिफायरचं मोनो बटण दाबा. खाचेतली मोनो माहिती सुईच्या आडव्या हालचालीत असते, उभी हालचाल म्हणजे बहुतेक धूळ आणि झीज. बटण दाबताच ती वजा होते, आणि तानपुऱ्याला धक्काही लागत नाही.

त्याहून मागे, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणजे ‘७८ च्या’ तबकड्यांकडे गेलं की वेगाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. अब्दुल करीम खाँच्या झिंझोटीचे किंवा भैरवीचे इतके संग्रह निघालेत की गोंधळ व्हावा. त्या काळी ‘७८’ हे नाव होतं, नियम नव्हे. मुद्रणाचा वेग सत्तरीपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कुठेही असे. खाँसाहेबांचा आवाज मुळातच उंच आणि टोकदार, त्यामुळे चुकीचा वेग चटकन ध्यानात येत नाही. उपाय असा: एकाच बैठकीतल्या, लागोपाठ क्रमांकांच्या दोन तबकड्या तपासा. सा वेगळा निघाला तर बहुधा वेगच चुकला आहे. ज्या संग्रहात क्रमांकच छापलेले नाहीत, तो संग्रह घेऊ नये.

बीटल्सच्या ‘रिव्हॉल्वर’बद्दल (१९६६) थोडक्यात. मूळ स्टिरिओत गाणारे एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात, असा प्रकार आहे. २०२२ च्या नव्या मिश्रणात सॉफ्टवेअरने एकाच ट्रॅकवरची वाद्यं वेगळी काढली आणि नीट मांडली. ‘लव्ह यू टू’मधला अनिल भागवतांचा तबला त्यात अंगासकट ऐकू येतो, डग्ग्याचा घुमारा सरस आहे. तरी पहिली पसंती मोनोलाच.

आवाज दाबण्याच्या रोगाचा नमुना म्हणजे मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८). सगळं इतकं वर ढकललंय की ढोलाचा ठोका फाटतो. त्याच गाण्यांची गिटारच्या व्हिडिओ गेमसाठी दिलेली प्रत कमी दाबलेली निघाली आणि श्रोत्यांना फरक समोरासमोर दिसला. जुन्या अल्बमच्या ‘रीमास्टर’मध्येही हे होतं. फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. लाटांना शेंडे-दऱ्या दिसल्या तर ठीक, विटेसारखा सपाट पट्टा दिसला तर पैसे वाचवा.

आणि ‘शुद्ध ॲनालॉग’ (टेपपासून तबकडीपर्यंत कुठेही डिजिटल टप्पा नाही) या शब्दांना किती किंमत द्यायची? मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या महागड्या आवृत्त्यांत डिजिटल टप्पा होता, हे जुलै २०२२ मध्ये उघड झालं. त्याआधी याच तबकड्यांचा ‘ॲनालॉग गोडवा’ वर्षानुवर्षं वाखाणला गेला होता. म्हणजे डिजिटल टप्प्याने आवाज बिघडला नव्हता. लपवणं चूक होतं. कुठलीही आवृत्ती घेताना टेप मूळ की नक्कल, कुणी आणि केव्हा मास्टर केली (छपाईआधी आवाजाला शेवटचा हात फिरवला), हे वेष्टणावर लिहिलंय का बघा. लिहिलं नसेल तर १८० ग्रॅम म्हणजे नुसतं प्लास्टिकचं वजन.

आता इथल्या हवेपाण्याबद्दल, कारण चांगली आवृत्ती सोलापुरात वर्षभरात खराब करता येते. बोअरचं पाणी जड. त्याने धुतलेली रेकॉर्ड वाळली की खाचेत पांढरे क्षार बसतात आणि कायमची कुरकुर सुरू होते. बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर वापरा: चार भाग पाणी, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांडी घासायच्या लिक्विडचा एखादाच थेंब, आणि शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने एक हात. ७८ च्या तबकडीला अल्कोहोल अजिबात लावू नका, ती लाखेची असते, विरघळते. पुसायला आपला सोलापुरी टॉवेल नको. त्याची सुती गाठ अंगाला छान, पण तंतू खाचेत अडकतात. मायक्रोफायबर घ्या.

एप्रिल-मेमध्ये पार्सल मागवू नका. विनाइल साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात उभ्या गाडीत तेवढं तापमान सहज होतं. मागवावंच लागलं तर तबकडी जाकिटाबाहेर काढून पाठवायला सांगा, म्हणजे वाटेत हलून जाकिटाची कड फाटत नाही.

प्लेअरचंही बघा. अमेरिकेतून आणलेला, ६० हर्ट्झच्या मोटरचा प्लेअर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सहाव्या हिश्श्याने हळू फिरतो. सूर जवळजवळ तीन अर्धसुरांनी उतरतो, मग आवृत्ती कितीही दुरुस्त असो. वेग तपासायची ५० हर्ट्झची स्ट्रोब चकती घ्या, ३३ च्या कड्यात १८० रेघा असलेली, आणि निऑनच्या दिव्याखाली बघा: वेग बरोबर असेल तर रेघा थांबलेल्या दिसतात. बऱ्याच एलईडीखाली रेघा थांबलेल्या दिसतच नाहीत. सुईचा दाब कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कागदावर असेल तोच ठेवा, एटी-व्हीएम९५ईला दोन ग्रॅम. सुटकेससारख्या स्वस्त प्लेअरवर तो बहुतेकदा पाच ग्रॅमच्या आसपास असतो. त्यावर अमीर खाँ लावू नका.