यॉर्कचा तुती-निळा लिव्हरी कोट: सात महिने वापरून झाल्यावर

एप्रिलमध्ये घेतला, आता ऑक्टोबर संपत आला, नऊ वीकेंड अंगावर होता, म्हणून आता लिहितोय. मी इंग्लंडमध्ये असतो, आमचा ग्रुप जुन्या लढाया त्या काळच्या वेशात पुन्हा उभ्या करतो, आमचा काळ वॉर्स ऑफ द रोझेसचा, म्हणजे पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांत झालेल्या युद्धांचा, आणि आम्ही यॉर्कच्या बाजूचे, त्यामुळे रंग ठरलेलेच, अर्धा कोट तुतीच्या रंगाचा, अर्धा निळा, छातीवर आणि पाठीवर पांढरा गुलाब.

सगळे याला सरसकट टॅबर्ड म्हणतात, मीही म्हणायचो. पण टॅबर्ड हेरल्डचा, म्हणजे राजाच्या दूताचा, नाहीतर नाइटचा, त्यावर घराण्याचं अख्खं चिन्ह असतं. साध्या तिरंदाजाला सरदाराच्या रंगांचा कोट, तोच लिव्हरी कोट, आणि एक बिल्ला, बस. यॉर्क घराण्याचा राजा रिचर्ड तिसरा याने १४८३ मध्ये मुलाच्या समारंभासाठी पांढऱ्या रानडुकराचे १३,००० बिल्ले मागवले होते, तेही कापडाचेच!

माझा आधीचा पॉलिकॉटनचा होता, शेकोटीची ठिणगी उडाली की वितळून भोक. हा जाड लोकरीचा आहे, ठिणगी पडली की झटकायची, जरासा करपल्याचा वास येतो आणि विषय संपतो. एवढ्यासाठीसुद्धा पैसे वसूल.

तक्रार शिलाईची. खाली जाड गादीसारखं जॅकेट असतं आणि धनुष्य ओढताना काखेत इतकं आवळायचं की दुसऱ्या शोनंतर मीच काखेखाली दोन इंच उसवलं आणि तिथे नाडी लावली, आता हात मोकळा फिरतो. आईने व्हिडिओ कॉलवर बघून पहिलं विचारलं, रंग जातो का? जातो, निळा जातो, आतल्या लिनन शर्टाची कॉलर आकाशी झालीये. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तरच नाही. मशीनला अजिबात लावू नका, चिखल वाळू द्यायचा, ब्रशने झाडायचा, सावलीत टांगायचा.

पण खरी परीक्षा जुलैत ट्यूक्सबरीच्या शोला झाली. दुपारभर पाऊस, कोट भिजून जड झाला, आतलं जॅकेट मात्र बऱ्यापैकी कोरडं राहिलं, ते मस्तच. पण ओली झाल्यावर तुतीची बाजू इतकी काळपट पडली की तीस पावलांवरून कोटाच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसायला लागल्या आणि आमच्यातलाच एकजण भाला रोखून माझ्याकडे यायला लागला, मी ओरडलो तेव्हा थांबला. १४ एप्रिल १४७१ ला बार्नेटच्या लढाईत धुक्यात हेच झालं असं सांगतात, ऑक्सफर्ड आणि वॉरिक हे दोघे सरदार लँकेस्टरच्याच बाजूचे, पण ऑक्सफर्डच्या माणसांच्या बिल्ल्यावरचा तारा वॉरिकच्या माणसांना यॉर्कचा राजा एडवर्ड चौथा याचा सूर्य वाटला, आपल्याच लोकांवर बाण सुटले आणि दगा दगा म्हणून पळापळ झाली. वाचलं होतं कितीदा, पण समोर भाला आल्यावर पोटात गोळा आला ना, तेव्हा समजलं.

त्यामुळे घेणार असाल तर कापड हेच घ्या, फक्त तुतीची लालसर शेड मागा आणि माप जॅकेट घालूनच द्या. मी पुढच्या सीझनच्या आत गुलाब बदलतोय, आत्ताचा तळहाताएवढा आहे, नवा चांगला वीतभर, शुभ्र लोकरीचा, कापून ठेवलाय.