आधी अंग पाहिलं, मग औषध लिहिलं

सात महिने खाजवत होते. दंडांची मागची बाजू, कोपरं, पोटऱ्या, सगळीकडे बारीक टणक पुटकुळ्या, आणि जुन्या बसल्या की मागे काळे डाग. आधीच्या ठिकाणी एचआयव्हीचं सांगितल्यावर डॉक्टरांनी लांबूनच हात पाहिले आणि खरजेचं लोशन दिलं. मग नायट्याचं मलम, मग स्टेरॉइडचं. चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या सुरू होऊन तीन महिने झाले होते. हे त्यांच्यामुळेच, असं मनात बसलं आणि गोळ्या बंद करायच्या बेतात होते. समुपदेशक ताईंनी अडवलं आणि या स्किन विभागात पाठवलं.

इथल्या डॉक्टरबाईंनी आधी तारखा विचारल्या. खाज कधीपासून, गोळ्या कधीपासून, सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) किती होता, घरात आणखी कुणाला खाजतं का. माझी खाज गोळ्यांच्या चार महिने आधीची निघाली! हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. औषधाची ॲलर्जी बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांत दिसते, असं त्या म्हणाल्या. पुरळाबरोबर ताप, तोंडात फोड, डोळे लाल किंवा कातडी सुटणं असं काही दिसलं तर त्याच दिवशी यायचं, हे कागदावर लिहून दिलं.

मग पडदा ओढला, नर्सताईंना उभं केलं आणि सगळं अंग नीट पाहिलं. तळहात, तळपाय, बोटांच्या बेचक्या, केसांखाली, तोंडात. बेचक्या स्वच्छ होत्या, तरी कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितली, कारण प्रतिकारशक्ती कमी असली की खरूज जाड खपल्यांचीही होते आणि तिला खाज कमी असू शकते. बुरशीही तपासली. सिफिलिससाठी रक्त घेतलं. सगळं निगेटिव्ह.

गालावर तीन मोत्यासारखे फोड होते, मधे खळगा असलेले. मी ते कधी मोजलेच नव्हते. बाई मात्र तिथे थांबल्या. दिसायला मोलस्कम, म्हणजे विषाणूमुळे येणारे कातडीवरचे फोड, पण क्रिप्टोकोकस नावाची बुरशी हुबेहूब तशीच दिसते आणि ती मेंदूपर्यंत गेलेली असू शकते. म्हणून एकाचा तुकडा काढला, पोटरीवरच्या पुटकुळीचाही. सुन्न करायचं इंजेक्शन झोंबलं, पुढचं कळलं नाही.

गालावरचं मोलस्कमच निघालं. पोटरीवरचं होतं ‘प्रुरिटिक पॅप्युलर इरप्शन’, म्हणजे एचआयव्हीत येणारा खाजऱ्या पुटकुळ्यांचा पुरळ. सीडी४ 200 च्या खाली गेला की हे बऱ्याचदा होतं. कीटक चावल्यावर शरीर गरजेपेक्षा जास्त चवताळतं, असं त्यामागे मानतात. खरा इलाज एआरटीच! म्हणजे जी गोळी मी बंद करणार होते तीच. खाजेसाठी रात्रीची गोळी आणि थोडे दिवस मलम मिळालं.

तक्रार एकच. पहिल्या दिवशी काउंटरवरून ‘एआरटीवाल्या पेशंट’ अशी मोठ्यानं हाक मारली. सगळी रांग वळली. मी बाईंना सांगितलं. पुढच्या खेपेला टोकन नंबरानं बोलावलं.

डाग अजून आहेत, पण झोप सलग लागते. जाणार असाल तर गोळ्यांची पाकिटं, सीडी४चे कागद आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब न्या. त्या दिवशी अंगाला काही लावून जाऊ नका.