डाएट डबा: सगळं त्यांचंच घ्यावं, की भाजी-फळं आपली आणावीत?

वजन कमी करायला घरपोच डाएट डबा लावायचं ठरलं की लगेच पुढचा प्रश्न येतो. सॅलड, फळ, ताक, मोड आलेले मूग असं सगळं असलेलं पूर्ण पॅकेज घ्यायचं, की जेवण तेवढं डब्याचं आणि ताजा माल आपण मंडईतून आणायचा? पुण्यात मी दोन्ही करून पाहिलं आहे आणि माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे, पण एका अटीवर.

पूर्ण पॅकेजचा फायदा एकच, पण मोठा: काही ठरवावं लागत नाही. रात्री आठला दमून घरी आल्यावर समोर मोजून आलेलं जेवण असेल, तर बाहेरून मागवायचा विचार मागे पडतो. पीजीत राहणाऱ्यांनी, ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी किंवा ज्यांची ड्यूटी सारखी बदलते त्यांनी फार विचार न करता हेच घ्यावं.

ते कमी पडतं ताजेपणात. पहाटे चिरलेली काकडी दुपारी दीडला झाकण उघडेपर्यंत पाणी सोडते, टोमॅटोच्या बिया झाकणाला चिकटतात, कोबीला उग्र वास येतो. माझ्या डब्यातलं सॅलड आठवड्यातून दोन-तीनदा तरी टाकून द्यावं लागायचं. शिवाय ते पुरतही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटासाठी ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. माझ्या डब्यातलं सॅलड एकदा काट्यावर ठेवलं, तर जेमतेम ७० ग्रॅम भरलं. जेवणातली भाजी धरूनही ४०० चा आकडा लांबच राहत होता. पोट न भरल्यामुळे संध्याकाळी पाचला फरसाणाच्या डब्याकडे हात जायचा, तो त्यामुळेच.

आपला माल आणला की ही भूक भागते. जेवायच्या पाच मिनिटं आधी चिरलेली काकडी, मुळा, गाजर, वर लिंबू. एवढं आधी खाल्लं की दुसरी पोळी नकोशी होते.

आता अट. डब्यातल्या कॅलरी कुणीतरी मोजलेल्या असतात, आपण वरून घातलेल्या कुणीच मोजत नाही. खमंग काकडीच घ्या. १०० ग्रॅम काकडीत सुमारे १५ कॅलरी. त्यात दोन मोठे चमचे दाण्याचं कूट घातलं की ९० च्या आसपास वाढल्या, लहान चमचाभर तेलाच्या फोडणीने आणखी ४५. काकडी दीडशेवर गेली. कूट सोडू नका, पण लहान चमच्याने घाला आणि फोडणी थेंबभर तेलात जिऱ्याची करा.

म्हणून काकडी, मुळा, टोमॅटो, पालेभाजी, पातळ ताक वरून खुशाल घ्या. फळ, दही, अंडं, पनीर, मोड आलेलं कडधान्य मात्र कशाच्या तरी बदल्यात. मध्यम केळं म्हणजे साधारण १०० कॅलरी, जवळजवळ एक पोळीच. केळं खायचं असेल त्या दिवशी एक पोळी बाजूला काढा. ही अदलाबदल जमणार नसेल, तर पूर्ण पॅकेजच बरं.

खर्चाचं म्हणाल, तर डबेवाल्याला सॅलड आणि फळ वगळून दर विचारा. बरेचदा दर फारसा उतरत नाही, मग आपली भाजी जादा खर्चाची ठरते. घरात चार माणसं असतील तर तीच भाजी सगळ्यांच्या पोटात जाते आणि हिशेब जुळतो. एकट्या माणसाची मेथीची जुडी तिसऱ्या दिवशी पिवळी पडते. एकट्याने गाजर, बीट, कोबी, लिंबं अशा टिकणाऱ्या वस्तू आठवड्याच्या आणाव्यात आणि पालेभाजी दोन दिवसांपुरतीच घ्यावी. पावसाळ्यात पालेभाजी कच्ची खाऊ नये, शिजवूनच खावी.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील, तर पोळी कमी करण्याआधी किंवा पालेभाजी, फळं एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

डबा कोणताही घ्या, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा, १४ आकडी क्रमांक मागून घ्या आणि महिन्याचे पैसे भरण्याआधी एक आठवडा चाचणीचा मागा. त्या आठवड्यात सॅलड किती खाल्लं आणि किती टाकलं, एवढंच लिहून ठेवा. निम्म्याहून जास्त टाकलं असेल, तर पुढच्या महिन्यापासून दुपारचं जेवण त्यांचं आणि काकडी आपली.