सीसीफुल: फ्युजनच्या हिशेबाला उत्तम, पण पोटेन्शियल डोळसपणे भरा

जड अणुकेंद्रकांच्या टकरीत फ्युजन (दोन केंद्रकं मिळून एक होणं) किती होईल हे काढायला सीसीफुल हा फोर्ट्रान प्रोग्रॅम आजही सगळ्यांत आधी घ्यावा असा आहे. हागिनो, रोली आणि क्रुप्पा यांनी तो १९९९ साली प्रसिद्ध केला. फुकट मिळतो, जीफोर्ट्राननं कंपाइल होतो, साध्या लॅपटॉपवरही झटपट चालतो. आमच्या नागपुरात जड आयनांचा प्रवेगक नाही. बीमसाठी मुंबईचं नाहीतर दिल्लीचं पेलेट्रॉन प्रवेगक गाठावं लागतं. बीमटाइम (यंत्र वापरायला मिळणारा वेळ) मोजकाच असतो, म्हणून कोणत्या ऊर्जांवर मोजायचं ते इथूनच ठरवून निघालेलं बरं.

इनपुट फाइल छोटी आहे, पण फसवी. पहिल्या दोन ओळींत आधी प्रक्षेपक (आदळणारं केंद्रक), मग लक्ष्य (ज्यावर ते आदळतं). उत्तेजित पातळ्यांच्या ओळींत मात्र आधी लक्ष्य येतं. अदलाबदल झाली तरी प्रोग्रॅम तक्रार करत नाही, चुकीचं उत्तर निमूटपणे देतो. ऊर्जा सेंटर ऑफ मासमधली (दोन्ही केंद्रकांच्या वस्तुमानमध्यावरून मोजलेली) भरायची: ऑक्सिजन-१६ आणि सॅमेरियम-१४४ साठी लॅबमधले ६८ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) म्हणजे ६१.२. बॅरियर (केंद्रकांच्या विद्युत प्रतिकर्षणामुळे उभा राहणारा ऊर्जेचा अडथळा) नेमका तिथेच आहे, त्यामुळे लॅबचीच ऊर्जा भरली तर ती चूक फार महाग पडते.

खरी मेख वुड्स-सॅक्सन पोटेन्शियलमध्ये, म्हणजे केंद्रकांमधल्या आकर्षणाच्या सूत्रात आहे. याच जोडीसाठी खोली १०५.१ एमईव्ही, त्रिज्या-गुणांक १.१ फर्मी (एक फर्मी म्हणजे १०⁻¹⁵ मीटर) आणि डिफ्यूजनेस (कडेचा पसरटपणा) ०.७५ फर्मी घेतले की बॅरियर १०.८ फर्मीवर येतो. इलास्टिक स्कॅटरिंगमधून (केंद्रकं न बदलता नुसती उडून जातात तेव्हा) डिफ्यूजनेस ०.६३ च्या आसपास मिळतो, फ्युजनचे आकडे मात्र त्याहून मोठा मागतात. म्हणून कुणी तो सरळ १.० करतं आणि बाकी तसंच ठेवतं. बॅरियरची उंची ५७ एमईव्हीवर घसरते. मग खोली ५६ पर्यंत उतरवून तो जागेवर आणता येतो, पण बॅरियरच्या आतला पोटेन्शियलचा खळगा जेमतेम ७ एमईव्हीचा उरतो. वरच्या कोनीय संवेगांना तो नाहीसाच होतो, आत जाणाऱ्या लाटेची अट (आत गेलेली लाट परत येत नाही, असं धरणं) लावायला जागा राहत नाही, आणि बॅरियरच्या बऱ्याच वरचे छेद (फ्युजन होण्याच्या शक्यतेचं माप) कमी येतात. त्यापेक्षा खोली तशीच ठेवून त्रिज्या-गुणांक १.०१ करा. बॅरियर पुन्हा ६१.२ आणि खळगाही खोल.

ऑक्सिजनची ६.१३ एमईव्हीची उत्तेजित पातळी सहसा हिशेबात जोडू नये. इतकी उंच पातळी बॅरियर नुसता खाली सरकवते, आणि तो परिणाम जुळवलेल्या पोटेन्शियलमध्ये आधीच आलेला असतो.

बॅरियरच्या फार खाली मात्र या प्रोग्रॅमवर विसंबू नका. निकेल-६० आणि इट्रियम-८९ च्या २००२ मधल्या मोजणीत छेद नेहमीच्या वुड्स-सॅक्सन हिशेबापेक्षा झपाट्यानं खाली गेले. तिथे आतून उथळ पोटेन्शियल लागतं, ते कोडमध्ये स्वतः घालावं लागेल. फारच जड जोड्यांत येणारं उत्तर हे कॅप्चरचं (बॅरियर ओलांडून केंद्रकं एकमेकांना चिकटण्याचं) असतं. क्वासी-फिशन (पूर्ण एक होण्याआधीच पुन्हा फुटणं) त्यातून वेगळं काढलेलं नसतं.