मोठ्या क्लबचा बाक की लहान क्लबचं मैदान?

मोठ्या क्लबात राखीव म्हणून बाकावर बसायचं की लहान क्लबात मैदानावर खेळायचं, दोन्हीकडून बोलावणं आलंय, जाऊ कुठे, असं फुटबॉलमधल्या एका होतकरू मिडफिल्डरनं (मधल्या फळीतल्या खेळाडूनं) विचारलं. पगार आणि करंडक मोठ्या क्लबातच, त्यात वाद नाही. खेळायला किती मिळेल, हा खरा प्रश्न. इंग्लंडचा मिडफिल्डर कॅल्विन फिलिप्स 2022 मध्ये लीड्स क्लबातून बड्या मँचेस्टर सिटीत गेला. पहिल्या हंगामात क्लबनं तीन मोठे करंडक जिंकले, पण लीगमध्ये तो सुरुवातीपासून खेळला फक्त 2 सामने. पुढे लोनवर (तात्पुरता दुसऱ्या क्लबात) गेला तेव्हा लय हरवलेली होती. उलट केव्हिन डी ब्रॉयनं 2014 मध्ये चेल्सी या मोठ्या इंग्लिश क्लबचा बाक सोडून जर्मनीतला वुल्फ्सबर्ग क्लब गाठला, दर आठवड्याला खेळला आणि 2015 मध्ये त्याच सिटीनं त्याला घेतलं. विशीतल्यानं मैदान निवडावं. कारकीर्द उताराला लागलेल्या, दुखापती सांभाळणाऱ्या खेळाडूला मोठ्या क्लबचा बाक चालेल.