सेन्सर बदलून आणावा की जागेवरच पडताळावा? ध्रुवीय हवामान केंद्राच्या अंशशोधनाचे दोन मार्ग

अंटार्क्टिकातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या वार्षिक देखभालीची सामानयादी करताना एक निर्णय आधीच घ्यावा लागतो. प्रयोगशाळेत नुकतेच अंशशोधन (ज्ञात प्रमाणाशी वाचन ताडून पाहणे) झालेले सेन्सर नेऊन ते बसवायचे आणि जुने तपासणीसाठी परत आणायचे, हा एक मार्ग आहे. प्रमाण उपकरण सोबत नेऊन केंद्रावरचे सेन्सर जागेवरच त्याच्याशी पडताळायचे, हा दुसरा. मी एकेका उन्हाळी हंगामात या दोन्ही पद्धतींनी काम केले आहे आणि पुढील मते त्या अनुभवावर आधारलेली आहेत.

सेन्सर बदलण्याच्या पद्धतीची बाजू कमकुवत नाही. प्रयोगशाळेतील शीतकुंडात सेन्सर उणे ४० अंशांपर्यंत तपासता येतो. याउलट आपण तळावर पोहोचतो ते डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे मैत्री या भारतीय तळासारख्या ठिकाणी बाहेरचे तापमान शून्याच्या आसपास असताना. त्यामुळे हिवाळ्यातील उणे ३० अंशांना सेन्सर कसा वागतो, हे जागेवरच्या पडताळणीतून कळत नाही. शिवाय सेन्सर बदलायला पाऊण तासही लागत नाही, तर जागेवरच्या तुलनेसाठी शांत हवामानाचे दोन-तीन दिवस लागतात आणि वादळांच्या मधल्या फटीत ते मिळतीलच असे नाही.

तरीही माझे मत बदलले ते एका तापमान-सेन्सरच्या जोडणीमुळे. किनाऱ्याजवळच्या एका केंद्रावर आम्ही नवा प्लॅटिनम सेन्सर बसवला. त्याच्या प्रमाणपत्रानुसार त्रुटी ०.०५ अंशाच्या आत होती, पण सेन्सरवर ऊन पडू न देणाऱ्या त्याच छत्रीत शेजारी टांगलेल्या, सोबत नेलेल्या प्रमाण तापमापीपेक्षा तो सतत सुमारे अर्धा अंश जास्त दाखवत होता. जुना सेन्सरही तेवढेच जास्त दाखवत असे आणि म्हणूनच आम्ही तो काढला होता. पुढे काही महिन्यांनी त्याचा प्रयोगशाळेतील अहवाल आला, तो निर्दोष असल्याचा. खरा दोष डेटा लॉगरच्या, म्हणजे वाचने नोंदवणाऱ्या यंत्राच्या, पेटीत होता. केबलच्या तीन तारांपैकी एकीच्या स्क्रूखाली हिरवट थर साचला होता. खाऱ्या हवेत तसा तो साचतोच. हा सेन्सर तापमान विद्युत रोधावरून मोजतो. त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३८५ ओहमने बदलतो, म्हणजे एका तारेच्या सांध्यात ०.२ ओहमचा अडथळा आला तरी वाचन अर्ध्या अंशाने चुकते. सांधा पॉलिश कागदाने घासून पुन्हा आवळला आणि फरक नाहीसा झाला. मात्र तो थर कोणत्या महिन्यात साचू लागला हे सांगण्याचा कोणताही मार्ग नसल्यामुळे मागील वर्षाच्या नोंदींची दुरुस्ती कुठून सुरू करावी, हे आम्हाला ठरवता आले नाही. उणे ४० ते अधिक ४० अंशांच्या टप्प्यात जागतिक हवामान संघटनेची अपेक्षा ०.१ अंश अचूकतेची आहे, आणि हवामानबदलाचा कल दशकाला अंशाच्या काही दशांशांत मोजला जातो. तिथे अर्धा अंश फार मोठा आहे. प्रयोगशाळा सेन्सर तपासते. केबल, सांधे आणि लॉगर मात्र बर्फातच राहतात, आणि ही अडचण मला आजही सर्वांत गंभीर वाटते.

जागेवरच्या पडताळणीत शून्य अंशाचा बिंदू बर्फाच्या थर्मासने मिळतो, पण त्यातही एक खाचखळगा आहे. बाहेरून उचलून आणलेला बर्फ शून्याहून थंड आणि कोरडा असतो, तो चालत नाही. ऊर्ध्वपातित पाण्याचा बर्फ बारीक करून तेच पाणी घालून तो ओलसर, पांढऱ्याचा राखाडीकडे झुकेपर्यंत मुरवावा लागतो आणि मधूनमधून दाबत राहावा लागतो. हे काम खोलीतच करावे. वायुदाबमापीचे वाचन मात्र प्रवासातल्या धक्क्यांनी सरकू शकते, म्हणून प्रमाण दाबमापी निघण्यापूर्वी आणि परतल्यावर, दोन्ही वेळा तपासून घ्यावी. तळावर ती केंद्राच्या दाबमापीच्याच पातळीवर ठेवावी, कारण एका मीटरच्या फरकाने दाब सुमारे ०.१२ हेक्टोपास्कलने बदलतो.

आर्द्रतेच्या बाबतीत मी सेन्सर बदलण्याच्याच बाजूने आहे. शून्याखालीही सापेक्ष आर्द्रता द्रव पाण्याच्या संदर्भात नोंदवण्याचा संकेत असल्यामुळे उणे ३० अंशांना हवा बर्फाच्या दृष्टीने संपृक्त असली तरी वाचन सुमारे ७५ टक्के येते. हिमकणांनी मढलेला सेन्सर तिथेच अडकून राहिला, तर तो बिघडला आहे की हवाच तशी आहे, हे खोलीतल्या मिठाच्या द्रावणावरून (ज्याच्यावरच्या बंदिस्त हवेची आर्द्रता ठरावीक असते) कळत नाही.

दोन्ही मार्ग परवडत असतील तर दोन्ही अवलंबावेत. एकाच पेटीची जागा असेल तर मी तरी प्रमाण उपकरणाची पेटी निवडेन. आणि सेन्सर बदलायचेच ठरले, तर जुना सेन्सर उतरवण्यापूर्वी, एकही सांधा न हलवता, किमान एक दिवस प्रमाण तापमापी त्याच्याशेजारी टांगून नोंदी घ्याव्यात, आणि नवा बसवल्यावर तेच पुन्हा करावे.