स्टोरी आणि स्टेटसचे आकडे: काही महिन्यांच्या वापरानंतर

कोथरूडमधलं एक पोळी-भाजी केंद्र, लक्ष्मी रस्त्यालगतचं साड्यांचं दुकान आणि प्रायोगिक नाटकं करणारी एक संस्था. या तीन अगदी वेगळ्या खात्यांच्या इन्स्टाग्राम स्टोऱ्या आणि व्हॉट्सॲप स्टेटस आम्ही सांभाळतो. गेले काही महिने ॲपमध्ये फुकट मिळणाऱ्या आकड्यांवरच काम केलं, बाहेरचं कुठलंही टूल घेतलं नाही की जाहिरातीवर पैसे घातले नाहीत. मत आधीच सांगतो: आकडे कामाचे आहेत, पण सगळे आधी ज्या आकड्याकडे बघतात, म्हणजे ‘किती जणांनी पाहिलं’, तोच सगळ्यात कमी कामाचा. माणसं कुठल्या फ्रेमवर (स्टोरीतल्या एका फोटोवर किंवा व्हिडिओच्या तुकड्यावर) गळली हे कळलं, की उद्याच्या स्टोरीत काय बदलायचं ते ठरवता येतं. नुसत्या व्ह्यूजवरून काहीच ठरवता येत नाही.

सुरुवातीला खातं ‘प्रोफेशनल’ करावं लागतं, त्याशिवाय इनसाइट्स, म्हणजे ॲपमधले हे आकडे, दिसत नाहीत. त्याची किंमत माहीत असावी. प्रोफेशनल खातं प्रायव्हेट ठेवता येत नाही. ‘बिझनेस’ प्रकार निवडला तर गाण्यांचा साठा बराच आटतो, लोकप्रिय गाणी मिळत नाहीत. आणि आकडे खातं बदलल्या दिवसापासूनचेच मिळतात, मागचे नाही. त्यामुळे गणपतीत किंवा दिवाळीत स्टोरीवर भर द्यायचा बेत असेल, तर खातं दोन महिने आधीच बदलून ठेवा, म्हणजे तुलनेला साधे दिवस हाताशी राहतात.

स्टोरी उघडून वर सरकवली की दोन गोष्टी दिसतात: पाहणाऱ्यांची यादी आणि इनसाइट्स. नावांची यादी टाकल्यापासून ४८ तासच राहते. ‘रीच’ म्हणजे किती वेगवेगळी खाती, ‘व्ह्यूज’ म्हणजे एकूण किती वेळा, त्यात एकाच माणसाचं पुन्हा बघणंही आलं. गणित करायचं ते रीचवर. यादीतल्या नावांच्या क्रमावरून कोण आपलं जास्त बघतं याचे अंदाज बांधत बसण्यात अर्थ नाही, तो क्रम ॲप लावतं.

खरा माल ‘नेव्हिगेशन’ या भागात आहे. त्यात चार आकडे असतात. ‘फॉरवर्ड’ म्हणजे बोट टेकवून तुमचीच पुढची फ्रेम. ‘बॅक’ म्हणजे मागची फ्रेम परत. ‘नेक्स्ट स्टोरी’ म्हणजे तुम्हाला सोडून पुढच्या खात्याकडे. ‘एक्झिट’ म्हणजे स्टोऱ्याच बंद. बहुतेक जण फॉरवर्ड वाढलेलं बघून घाबरतात. मजकुराच्या फ्रेमवर ते वाईट नसतं, माणसाने वाचलं आणि पुढे गेला. व्हिडिओवर मात्र फॉरवर्ड जास्त असेल तर व्हिडिओ लांबलाय. बॅकचे दोन अर्थ निघतात: आवडलं म्हणून परत पाहिलं किंवा अक्षरं वाचायच्या आत फ्रेम गेली. किमती, पत्ता, वेळ असलेल्या फ्रेमच्या पुढच्या फ्रेमवर बॅक वाढला, तर दुसरा अर्थ धरा. एक्झिट मोघम आहे, कारण फोन आला तरी एक्झिट आणि कंटाळा आला तरी एक्झिट. तुमच्या हातातला आकडा ‘नेक्स्ट स्टोरी’ हा. फक्त शेवटच्या फ्रेमवर तो बघू नका. तिथून माणूस पुढच्या खात्याकडेच जाणार, दुसरं काही उरलेलंच नसतं.

आता एक उदाहरण पूर्ण बघू, आकडे समजुतीपुरते घेतले आहेत. साड्यांच्या दुकानाने पाच फ्रेम एकापाठोपाठ टाकल्या. रीच अनुक्रमे ४१०, ३६०, ३४५, २३० आणि २२०. शेवटच्या फ्रेमला पहिल्या फ्रेमने भागलं की ५४ टक्के येतात, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त लोक टिकले. हा एकच आकडा शीटमध्ये लिहून थांबलात तर हाती काही लागत नाही. फ्रेमागणिक गळती काढा: पहिलीवरून दुसरीवर १२ टक्के, मग ४, मग एकदम ३३, मग परत ४. इथे सगळे चौथ्या फ्रेमला दोष देतात. पण जे गेले त्यांनी चौथी पाहिलीच नाही, ते तिसरीवरून गेले. बदलायची ती तिसरी. अशी फ्रेम उघडून पाहिली की कारण बहुधा समोरच असतं: सहा साड्यांचे चौकोन, प्रत्येकाखाली बारीक अक्षरात किंमत आणि वर ‘अधिक माहितीसाठी डीएम करा’. फोटो पडद्यावर पाचेक सेकंद राहतो, तेवढ्यात सहा किमती वाचून होत नाहीत. तीच फ्रेम तोडून एका फ्रेमवर एक साडी, पदर जवळून आणि किंमत ठळक, असं केलं की गळती सपाट होते. फ्रेमची संख्या वाढली तरी चालते, अडतं ते एका फ्रेमवर केलेल्या गर्दीमुळे. पहिल्या फ्रेमवर दहा-बारा टक्के गळती सगळ्यांचीच होते. चुकून उघडणारे असतातच, त्यांच्यासाठी जीव टाकू नका.

या हिशोबाला एक अट आहे आणि ती पाळली नाही तर सगळं गणित फसतं. तुलना फक्त एकाच वेळी टाकलेल्या फ्रेमची करायची. सकाळी नऊला एक आणि रात्री नऊला दुसरी टाकली तर सकाळचीला बारा तास जास्त मिळालेले असतात, शिवाय ज्याने सकाळची पाहिली त्याला रात्री न पाहिलेल्या फ्रेमपासूनच सुरुवात होते. तिथे रीच कमी दिसला तर ती गळती नव्हे. आकडेही एकाच वयाला लिहा. आम्ही टाकल्यापासून २३ तासांनी लिहितो आणि त्यासाठी फोनला गजर लावलेला असतो. हायलाइटमध्ये, म्हणजे प्रोफाइलवर कायम, ठेवलेल्या स्टोरीचे व्ह्यूज नंतरही वाढत राहतात, म्हणून आठवड्याने बसून लिहिलेला आकडा कशाशीच जुळत नाही.

फ्रेमच्या मापांबद्दल थोडक्यात. १०८० बाय १९२० पिक्सेल घ्या. त्यात वरचे साधारण २५० आणि खालचे ३४० पिक्सेल मोकळे सोडा, कारण वर खात्याचं नाव येतं आणि खाली उत्तराची पट्टी. देवनागरीला ओळींमध्ये अंतर जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात. स्टोरीतले शोभेचे फॉन्ट देवनागरीला फारसे लागू होत नाहीत, तेव्हा अक्षरांमागे गडद पट्टी द्या आणि दहा-बारा शब्दांवर थांबा. व्हिडिओ ६० सेकंदांपर्यंत एका तुकड्यात जातो, पण आम्ही पंधराच्या पुढे जात नाही. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून बोललेलं वाक्य अक्षरांतही हवं.

पोल हा सगळ्यात गुणी स्टिकर. ‘उद्या संध्याकाळी भरली वांगी की पिठलं?’ एका बोटाचं काम आहे आणि कोणी काय निवडलं ते नावानिशी दिसतं. पोळी-भाजी केंद्राला यातून उद्या किती वांगी आणायची याचा अंदाज येतो. मतांची संख्या म्हणजे ऑर्डर नव्हे. मत देणाऱ्यांपैकी प्रत्यक्ष किती जण घेतात हे प्रमाण चार-सहा आठवडे लिहून काढावं लागतं, मगच त्याचा भाजीखरेदीला उपयोग. प्रश्नाच्या स्टिकरला प्रतिसाद खूपच कमी येतो, कारण तिथे टाइप करावं लागतं. नाटकाच्या चर्चेसाठी तो ठीक आहे, मेनूसाठी नाही. स्टिकर कडेला चिकटवू नका. कडेला बोट पडलं की फ्रेम मागे-पुढे होते, मत देऊ पाहणारा माणूस हातचा जातो आणि तुमच्या खात्यात मात्र एक फॉरवर्ड किंवा बॅक जमा होतो.

लिंक स्टिकर २०२१ पासून सगळ्या खात्यांना मिळतो. त्याची नेहमीची जागा म्हणजे शेवटची फ्रेम आणि नेमकी तीच चुकीची. वरच्या उदाहरणात शेवटपर्यंत ५४ टक्केच लोक पोचले, म्हणजे बाकीच्यांना तिथली लिंक दिसलीच नसती. नाटकाच्या प्रयोगासाठी आम्ही लिंक दुसऱ्या फ्रेमवर ठेवतो आणि शेवटी परत देतो. सुदर्शन रंगमंचासारख्या मोजक्या खुर्च्यांच्या जागी प्रयोग असेल तर पहिल्या फ्रेमवर तारीख-वेळ, दुसरीवर लिंक, मग तालमीचा तुकडा, हा क्रम चांगला चालतो. लिंकच्या शेवटी यूटीएम (माणूस कुठून आला ते सांगणारी खूण) जोडून दोन्ही फ्रेमला वेगळी नावं द्या, तरच तिकीट कुठल्या फ्रेमवरून आलं ते कळतं. स्टिकरवरचे टॅप आणि वेबसाइटवरच्या भेटी तंतोतंत जुळत नाहीत. पान उघडायच्या आत लोक परत फिरतात.

वेबसाइट नसेल तर व्हॉट्सॲप चॅटची थेट लिंक द्या आणि तिच्यात आधीच लिहिलेला निरोप घाला. सकाळच्या स्टोरीसाठी ‘सकाळचा मेनू पाहिला’, संध्याकाळच्यासाठी ‘संध्याकाळचा मेनू पाहिला’. ग्राहक नुसतं पाठवा दाबतो आणि ऑर्डर कुठून आली ते आपोआप नोंदलं जातं. ही युक्ती आम्हाला सगळ्या इनसाइट्सपेक्षा जास्त उपयोगी पडली.

व्हॉट्सॲप स्टेटसकडे आकड्यांच्या दृष्टीने कोणी बघत नाही, पण त्यात एक गोष्ट इन्स्टाग्रामपेक्षा सरस आहे: प्रत्येक नावापुढे पाहिल्याची वेळ असते. स्टेटस संपायच्या आत यादीचे स्क्रीनशॉट घ्या आणि तासानुसार मोजा, तुमच्या खऱ्या ग्राहकांचं वेळापत्रक हातात येतं. इन्स्टाग्राम ‘फॉलोअर कधी सक्रिय’ असा तक्ता देतं, पण ते सगळे फॉलोअर ॲपवर कधी असतात त्याचं चित्र आहे, तुमची स्टोरी कधी बघतात त्याचं नव्हे. पुढे-मागे केल्याचे आकडे स्टेटसमध्ये नाहीत, मात्र प्रत्येक फ्रेमचे पाहणारे वेगळे दिसत असल्याने गळती काढता येते.

त्याच्या मर्यादा दोन. ज्यांनी ब्लू टिक बंद ठेवली आहे ते बघूनही यादीत येत नाहीत, म्हणून तो आकडा ‘निदान इतके’ असाच वाचा. तुमची स्वतःची ब्लू टिक बंद असेल तर कोणीच दिसणार नाही, आधी ती चालू करा. आणि नंबर दोन्ही बाजूंनी सेव्ह असल्याशिवाय स्टेटस पोचतच नाही. डब्याच्या झाकणावर किंवा बिलावर ‘हा नंबर सेव्ह करा, रोजचा मेनू स्टेटसला असतो’ एवढी ओळ छापा आणि आलेला प्रत्येक नंबर त्याच दिवशी सेव्ह करा. कुठल्याही देखण्या फ्रेमपेक्षा या ओळीने पाहणारे जास्त वाढतात.

वेळेबद्दल सरसकट नियम सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. हिंजवडीहून कोथरूडला परतणाऱ्या ग्राहकाला संध्याकाळचा मेनू निघण्याआधी कळायला हवा. आठ वाजता टाकलेली स्टोरी रात्रभर छान व्ह्यूज घेईल आणि डबे तसेच राहतील. म्हणून तिथे वेळ ठरते ती ऑर्डर बंद होण्याच्या वेळेवरून, तीन तास आधी. साड्यांच्या दुकानाचं उलट आहे. दुपारी एक ते चार दुकान बंद, आणि बारा-साडेबाराला स्टोरी टाकली तर चौकश्या नेमक्या त्या तीन तासांत येतात. उत्तर चारनंतर जातं, तोवर बाई दुसऱ्या दुकानात पोचलेल्या असतात. चारला दुकान उघडल्यावर टाकलेली स्टोरी व्ह्यूजमध्ये थोडी कमी भरते आणि विक्रीत जास्त.

नोंदीसाठी साधी शीट पुरते: तारीख, वार, टाकल्याची वेळ, पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमचा रीच, सर्वाधिक गळतीची फ्रेम, उत्तरं, आणि त्या दिवशी काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तुलना त्याच वाराशी करा. छोट्या खात्यांनी फार बारीक निष्कर्ष काढू नयेत. दोनशे पाहणारे असतील तर टिकण्याच्या प्रमाणात आठ-नऊ टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. चार आठवड्यांचे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या, म्हणजे एखादा उसळलेला दिवस फसवत नाही. गणेशोत्सवाचे दहा दिवस वेगळ्या पानावर लिहा. तेव्हा प्रत्येक जण ढोल-ताशाच्या स्टोऱ्या टाकत असतो, आणि पेठांतल्या गर्दीत जड व्हिडिओ उघडत नाहीत, फोटो उघडतात.

तक्रारीही आहेत. आकड्यांची नावं मधूनच बदलतात. इम्प्रेशन्स गेले, व्ह्यूज आले आणि जुन्या शीटमधला रकाना नव्याशी जुळेना. फोनवरच्या ॲपमधून शीट काढता येत नाही, त्यासाठी संगणकावर मेटा बिझनेस स्वीट उघडून सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साधी फाइल, घ्यावी लागते. पैसे देऊन घेतलेली बाहेरची टूलं फार काही वेगळं देऊ शकत नाहीत, कारण अधिकृत एपीआयमधून (बाहेरच्या टूलांना माहिती मिळण्याच्या वाटेतून) स्टोरीचे आकडे त्यांना २४ तासच मिळतात आणि पाचपेक्षा कमी असलेला आकडा मिळतच नाही. पाच-सहाशे पाहणाऱ्यांच्या खात्याने त्यावर दर महिन्याला खर्च करावा असं आम्हाला वाटत नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने. यादीत नाव दिसलं म्हणून ‘ताई, तुम्ही आमची स्टोरी पाहिलीत, घेणार का?’ असा निरोप कधीही पाठवू नका. नजर ठेवली जातेय असं वाटलं की ग्राहक गप्प म्यूट करतो, आणि म्यूट केल्याचं तुम्हाला कळतही नाही. ज्याने मत दिलं, उत्तर दिलं, विचारलं, त्याच्याशीच बोला. शीटमध्ये नावं आणि फोन नंबर ठेवू नका, आकडे ठेवा. वेळा मोजून झाल्या की यादीचे स्क्रीनशॉट पुसून टाका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर लोकांची माहिती कारणाशिवाय साठवून ठेवणं धोक्याचं आहे, आणि वर सांगितलेल्या एकाही हिशोबाला नावांची गरज पडत नाही.